मातीचं अप्रायझल

पहिल्या पावसाचा वास सगळ्यांना जाम आवडतो. तो येतो मातीतल्या जिवाणूंमुळे. चमचाभर चांगल्या मातीत शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात!

या स्टाफचा पगार म्हणजे शेणखत, पाचट, पालापाचोळा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं, की पगार कट. सारखा नांगर फिरवला, की बुरशीचं जाळं तुटतं. युरियातून पिकाला नत्र मिळतं, पण जिवाणूंचं पोट भरायला कार्बन लागतो.

इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हावर प्रयोग चालू आहे. तिथे शेणखताच्या पट्ट्यात बिनखताच्या पट्ट्यापेक्षा दुपटीहून जास्त सेंद्रिय कार्बन आहे, सूक्ष्मजीवही बरेच जास्त. अर्थात, याला कित्येक दशकं लागली.

आता आपलं बोलू. आपल्यातल्या कितीतरी जणांची गावची जमीन खंडाने दिलेली असते, तीही एकेका वर्षाच्या बोलीवर. पुढच्या वर्षी ती कोण कसणार हेच ठाऊक नसेल, तर शेणखताच्या ट्रॉल्या कोण कशाला टाकेल? कसणाऱ्याचं काय चुकलं?

म्हणून मी बाबांना सुचवलं, बोली पाच वर्षांची करू. पाचट जाळायचं नाही, कुजवायचं. शेणखताचा निम्मा खर्च आपला.

बाबांचा पहिला प्रश्न, "आणि कूळ लागलं तर?"

भीती खरी आहे, म्हणून कागद वकिलाकडूनच करून घेणार आहोत. पण वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आपण तरी किती जीव ओतून काम करतो, सांगा बरं?