आपलं वजन आपल्याच काट्यावर?

सभासद बंधू-भगिनींनो,

हिवाळ्यात इकडे गाळप रंगात येतं, तिकडे नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. परवा फडावर एका सभासदाने विचारलं, उसाचा दर दिल्लीत ठरतो, मग आमदारांचा पगार कोण ठरवतो? उत्तर सोपं आहे: आमदारच. घटनेच्या कलम 195 प्रमाणे तो अधिकार विधिमंडळाचा. 2016 साली कायदा करून त्यांनी तो वाढवूनही घेतला.

पगार नको, असं माझं म्हणणं नाही. पगारच नसला तर गरिबाघरचा पोरगा आमदार व्हायचा कसा? पण उसाच्या एफआरपीची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. आपणही नाही अन् कारखानाही नाही. मग हाच न्याय तिकडे का नसावा?

ब्रिटनमध्ये 2009 साली खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं. त्यात माजी वरिष्ठ न्यायाधीश, लेखापरीक्षक आणि माजी खासदार असावाच लागतो. आपल्या खासदारांचा पगार 2018 च्या कायद्याने महागाई निर्देशांकाला जोडला. पण मूळ आकडा त्यांचाच.

मंडळ सत्ताधाऱ्यांच्याच मर्जीतलं झालं तर काटा पुन्हा त्यांचाच, ही शंका रास्त आहे. म्हणून नेमणूक उघड व्हावी, आकड्यामागची कारणंही छापून यावीत. मत मागायला येणाऱ्याला एवढं जरूर विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी