मालकाचा भाचा

गेल्या वर्षी आमच्या भाचीला जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी लागली, आणि नाशिकरोडच्या जेल रोडवर बसून आमच्या अख्ख्या घरानं स्टुटगार्टमध्ये जागा शोधायला सुरुवात केली. पूर्वी घर शोधताना चपला झिजत, हल्ली अंगठा झिजतो. भाची रोज रात्री मोबाइलवर जाहिराती पाठवायची आणि मी, सौ., माझी बहीण आणि पंच्याहत्तरीची आई असं चौघांचं मंडळ त्यांवर मतप्रदर्शन करायचं. स्टुटगार्ट हे नाव नाशिकला तसं परकं नाही. सातपूरच्या मायकोमुळे (तिला आता बॉश म्हणतात) ते आमच्या कानावरून गेलेलं आहे. त्यामुळे ते गाव सातपूरच्या जरा पुढे असावं, अशी आईची अजूनही समजूत आहे.

पहिला धक्का स्वयंपाकघरानं दिला. तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचं तोंड. ओटा, सिंक, कपाटं हे सगळं भाडेकरूनं आणायचं आणि सोडताना उचकटून न्यायचं. "ओटा काखोटीला मारून कोणी बिऱ्हाड बदलतं का?" आईनं विचारलं. दुसरा धक्का भाड्याचा. तिथं भाडं दोन प्रकारचं, थंड आणि गरम. नुसत्या जागेचं ते थंड. त्यात हीटर, पाणी, कचरा वगैरे मिळवलं की ते गरम होतं. मला ही नावं फार आवडली. आमच्या बँकेतही मुद्दल थंड आणि व्याज गरम, असं लिहिलं तर कर्जदारांना लवकर समजेल.

पण सगळ्यात गंमत वाटली ती केरवोखेची. स्टुटगार्टच्या बाजूला भाडेकरूंनी आळीपाळीनं आठवडा आठवडा जिना झाडायचा, पुसायचा, अशी जुनी रीत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. या प्रकाराच्या नावातच 'केर' आहे, आणि त्याचा अर्थही झाडणं असाच आहे! मराठी भाषा कुठपर्यंत पोचली होती, याचा हा भक्कम पुरावा आहे, असं मी जाहीर केलं. सौ. म्हणाली, "भाषा पोचली तिकडे. केर काढायची रीत तेवढी आपल्या पुरुषांपर्यंत यायची राहिली."

मग आली कागदपत्रं. पगाराच्या तीन स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, स्वतःविषयी माहितीचा फॉर्म आणि शूफाचा दाखला. शूफा म्हणजे आपल्या सिबिलची थोरली जाऊ. ती 1927 साली सुरू झाली. माणूस उसने पैसे परत करतो की नाही, हे ती सांगते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं. त्याहून अधिक मागायला कायद्यानं बंदी, आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. मी बँकेतला माणूस. कागद बघितला की मला घरच्यासारखं वाटतं. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला आणि आईला सांगितलं, "सगळं विचारलंय." आई म्हणाली, "मग जेवणाखाण्याचं काय विचारलंय?" मी पुन्हा वाचला. काही नव्हतं. "आणि आपण कोण, कुठले?" तेही नव्हतं. आईला त्या मालकांची काळजी वाटली. इतकी भोळी माणसं घरं कशी सांभाळत असतील?

ती इतकीही भोळी नव्हती, हे पुढच्या महिन्यात कळलं. भाचीनं तिकडे जाऊन तात्पुरत्या खोलीत मुक्काम ठोकला आणि एका जागेसाठी फोन केला. नाव सांगितलं. ते ऐकून पलीकडचा माणूस जरा थांबला आणि गोड आवाजात म्हणाला, "जागा दिली." अर्ध्या तासानं तिच्या ऑफिसातल्या जर्मन मुलीनं त्याच जागेसाठी फोन केला. जागा रिकामी! "कधी बघायला येता?"

आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री संतापाचा उद्रेक झाला. बहीण रडली. मी उभा राहून 'वर्णद्वेष' हा शब्द तीनदा उच्चारला. सुसंस्कृत देश, नि माणसाचं नाव ऐकून घर नाकारतात! पोरीचा पगार बघा, शिक्षण बघा, वागणं बघा! चौथ्यांदा तो शब्द उच्चारणार, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "त्या मालकाचाही भाचा येणार असेल राहायला."

मी खाली बसलो.

आता या भाच्याची ओळख करून द्यायला हवी. वडील नोटप्रेसमध्ये होते. त्यांनी जन्मभर नोटा छापल्या, मी जन्मभर नोटा मोजतो. दोघांच्या मिळून हाती लागलं ते हे घर आणि त्याचा वरचा मजला. दहा वर्षांपूर्वी तो भाड्यानं देण्यासाठी आम्ही फाटकावर पाटी लावली. सातपूरच्या एका कारखान्यातला तरुण बघायला आला. न मागता पगाराची स्लिप दाखवली, चपला बाहेर काढल्या, आईला वाकून नमस्कार केला. आईनं चहा केला. भाडं ठरलं. मग मी सहज, अगदी सहज, विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" तो अजून म्हणालाच नव्हता. मग म्हणाला. आणि माझ्या तोंडून वाक्य निघालं, "अरेरे, बघा, विसरलोच! आमचा भाचा येतोय राहायला पुढच्या महिन्यात."

तो हसला. पुढे दहा वर्षं ते हसू माझ्या लक्षात राहिलं आहे. त्याला आमचा भाचा ओळखीचा होता. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला, इंदिरानगरला तो त्याला आधीच भेटला असणार. नाशकात एवढे भाचे आहेत आणि ते सगळे पुढच्या महिन्यातच राहायला येणार आहेत. एकदम आले तर गोदाकाठी कुंभमेळ्याची व्यवस्था करावी लागेल!

परीक्षेची आपली पद्धतही ठरलेली आहे. पहिला प्रश्न, आडनाव काय? दुसरा, मूळ गाव कुठलं? तिसरा, म्हणजे तुम्ही कुठले? या तिसऱ्या प्रश्नाला जो तालुक्याचं नाव सांगतो तो नापास. जात थेट विचारायची नाही, कारण आपण सुधारलेले. मग स्वयंपाकघरातून शिरायचं: "नॉनव्हेज खाता का हो?" बँकेत खातं उघडताना मी आधार मागतो, पॅन मागतो, फोटो मागतो. त्या फॉर्मात 'बोंबील खाता का' असा रकाना नाही. तरी लोकांच्या लाखो रुपयांचे व्यवहार चालतात. आपला वरचा मजला मात्र लाख रुपयांहून नाजूक!

यावर उत्तरं तयार असतात. "घर आमचं, मर्जी आमची." घर तुमचं, कबूल. पण फाटकावर पाटी लावली की तो धंदा झाला. किराणावाला साखर देताना गिऱ्हाइकाचं गोत्र विचारत नाही, सुटे आहेत का एवढं विचारतो. "वास येतो हो!" येतो ना. पण तुमच्या हिंग-मोहरीच्या फोडणीनं स्टुटगार्टच्या म्हातारीला ठसका लागला, तर तिच्या नाकाला तुम्ही काय म्हणाल? वर्णद्वेषीच ना? मग तुमचं नाक तेवढं सोवळं कसं? "आम्हाला चालतं हो, पण घरात आई आहेत, जुन्या वळणाच्या." हे सगळ्यात घाणेरडं उत्तर, आणि माझं तेच होतं. त्या मुलाला निरोप दिल्यावर सौ.ला मी हेच सांगितलं. खरं म्हणजे आईला कोणी विचारलंच नव्हतं. तिनं तर दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं.

परदेशी घर शोधायला निघालेल्यांत आपली एक पूर्वज आहे, आनंदीबाई जोशी. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली, तेव्हा तिला जागा शोधावी लागली नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी मासिकात त्यांच्याविषयी वाचलं आणि आपण होऊन पत्र धाडलं, घराचं दार उघडं ठेवलं. आनंदीबाई शाकाहारी, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या वर्णाच्या, नऊवारी नेसणाऱ्या. मांसाहारी यजमानिणीनं आक्षेप घेतला नाही. 1887 साली आनंदीबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या. कार्पेंटरबाईंनी त्या पोकिप्सी इथं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. म्हणजे त्या घरात जागा मिळाली ती कायमची. तिथं भाचा आडवा आला नाही.

आणि उलट्या दिशेनं आलेला दुसरा माणूस बघा. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. जगातल्या दोन मोठ्या शहरांत राहून आलेल्या या माणसाला बडोद्यात जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रामगृहात राहिले, तर अकराव्या दिवशी दहा-बारा माणसं काठ्या घेऊन आली. ओळखीच्या दोन स्नेह्यांना त्यांनी विचारलं. त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरा म्हणाला, बायको गावाहून येईल, तिला विचारायला हवं. बघा! बायको येणार होती. भाचा असा शंभर वर्षांचा जुना आहे. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. पुढे 1930 साली आमच्याच काळाराम मंदिराच्या दाराशी त्यांचा सत्याग्रह सुरू झाला. देवाच्या घराचं दार बंद, हे आपण पुस्तकात वाचतो आणि हळहळतो. वरच्या मजल्याचं दार मात्र पुस्तकात नसतं. लंडनला ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं घर 2015 साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. चांगलंच केलं. पण स्मारकासाठी सातासमुद्रापार घर घेणाऱ्या राज्यात साधं भाड्याचं घर आडनावाला अडावं?

परदेशी माणूस म्हणजे संत, असं माझं म्हणणं नाही. भाचीनं तो गोड आवाज ऐकलाच. ब्रिटनमध्ये तर 'काळ्यांना जागा नाही' असं खिडकीत लिहून ठेवत. शेवटी 1968 साली तिथंही आणि अमेरिकेतही कायदा करून घराच्या बाबतीतला हा भेद बंद करावा लागला. जर्मनीचा कायदा 2006 चा. आपण तर त्यांच्याही आधी, 1955 सालीच अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात राहत्या घराचा उल्लेख केला. पण कायदा पाटी वाचतो, मनातलं वाचत नाही. "भाचा येतोय" या वाक्यावर कोणतं कलम लावाल? पंचनामा कोणाचा करणार? भाचा तर जन्मालाच आलेला नाही.

बँकवाला म्हणून एक हिशेब मात्र मांडतो. त्या मुलाला घालवल्यावर आमचा मजला चार महिने रिकामा राहिला. मग 'आपल्यातलं' एक बिऱ्हाड मिळालं. त्यांनी जाताना तीन विजेची बिलं ठेवली आणि पंखा नेला. शुद्ध शाकाहारी पंखा होता.

भाचीला अखेर जागा मिळाली. मालकीण एकटी, सत्तरीची. तिनं शूफा विचारला नाही, फक्त विचारलं, "जिना झाडता येतो?" पोरीनं हो म्हटलं. आमच्याकडे तिनं कधी काडी इकडची तिकडे केली नव्हती, पण परदेशात माणूस धाडसानं वागतो.

तेव्हाच आमचा वरचा मजला पुन्हा रिकामा झाला. एजंटाचा फोन आला.

"साहेब, काही अटी?"

"एकच. एक आठवडा त्यांनी जिना झाडायचा, एक आठवडा आम्ही."

"तसं नव्हे साहेब. आडनाव कोणतं चालेल?"

"ज्याला केर काढता येतो, ते."

एजंट जुना होता. जरा घुटमळून म्हणाला, "पण मागच्या खेपेला तुमचा भाचा येणार होता ना?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आतून आई ओरडली, "तो जर्मनीला गेला म्हणावं!"