पहारेकऱ्याला कोण उठवणार?

हॉस्टेलची लाईट गेली की दोन आवाज हमखास येतात. एक मुलांचा "ओऽऽ" आणि दुसरा लॅबमधल्या यूपीएसचा. थोड्या वेळाने दुसराही थांबतो. मग लाईट येते, सर्व्हर चालू होतो, नेट येतं, सगळे खूश. पण सर्व्हरवर नजर ठेवणारा नागिऑससारखा प्रोग्रॅम? तो कुणा सिनियरने हाताने स्टार्ट केलेला असतो आणि सिनियर तर पास आऊट! डिस्क भरली तरी मेल येत नाही, आणि मेल नाही म्हणजे सगळं ठीक असं आपण समजतो. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

माझं स्पष्ट मत असं की ज्याला दर वेळी उठवावं लागतं, तो पहारेकरीच नव्हे.

यात अवघड काही नाही. पूर्वी इनिट स्क्रिप्ट लिहून ती चेककॉन्फिगने रनलेव्हलला जोडावी लागे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून हे काम सिस्टम-डी करतं. तिथे 'स्टार्ट' म्हणजे फक्त आत्ता चालू कर, आणि 'एनेबल' म्हणजे प्रत्येक बूटला चालू कर. बरेच जण पहिलं करतात नि दुसरं विसरतात. सोबत बायोसमध्ये 'वीज आल्यावर मशीन चालू' हे सेटिंगही हवं, नाहीतर सगळंच फुकट.

थांबवणंही तितकंच महत्त्वाचं. नागिऑस नीट बंद झाला तर कोणती तक्रार कुणी हाती घेतली आहे, ही नोंद तो जपून ठेवतो. अचानक मेला तर अलीकडच्या नोंदी जातात. म्हणून बॅटरी संपत आली की यूपीएसनेच सर्व्हरला व्यवस्थित बंद करायला सांगावं, अशी जोडणी हवी.

कुणी म्हणेल, आपोआप उठणारा प्रोग्रॅम बिघाड झाकतो. खरंय. म्हणून प्रत्येक रिस्टार्टचा मेल जायला हवा. शिवाय पहारेकरी जिवंत आहे का, हे दुसऱ्या मशीनने तपासायला हवं.

हे फक्त लॅबपुरतं नाही बरं का. मी साखरशेतकडचा. साखरशेत हे जव्हार तालुक्यातलं एक महसूल मंडळ. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पात मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, आणि फळपीक विम्याची भरपाई अशाच नोंदींवर ठरते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं नवीन नाही. असं एखादं यंत्र गप्प झालं आणि रिकामी जागा कुणी शून्य धरली, तर धो धो पावसातही कागदावर कोरडा दिवस! ते यंत्र उठवायला डोंगरात रात्री कोण जाणार? उद्या अशी यंत्रं आपल्यापैकीच कुणीतरी बसवणार आहे. सवय इथेच लागायला हवी.

तेव्हा सरांना आणि लॅब असिस्टंटना एक विनंती. येत्या सुट्टीत एकदा सर्व्हर रीबूट करा आणि कीबोर्डला कुणीही हात लावू नका. दहा मिनिटांनी पहारेकरी जागा दिसला, तर सिस्टीम तयार. नाही दिसला, तर आपण आजवर कशाच्या भरवशावर झोपत होतो, ते कळेल.