सात पिढ्यांनंतरचे नाते

बिलोलीचा तरुण अमेरिकेत जाऊन तेथील नागरिक झाला, तरी आपले मूळ सिद्ध करण्यास त्याच्यापाशी जुने भारतीय पारपत्र असते. १८३४ नंतर गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांपाशी मात्र मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झालेल्या नोंदवह्या आहेत आणि घरोघरी निष्ठेने जपलेला गणेशोत्सव आहे.

२००५ च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची कक्षा रुंदावली. परंतु पिढ्यांची मर्यादा या बांधवांच्या आड आली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत ती सातव्या पिढीपर्यंत शिथिल केल्याचे घोषित केले. हा निर्णय सर्वथा उचित होय. या ओळखपत्राने मताधिकार लाभत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. मग देशहितास बाध येण्याची भीती कशाला?

खरी अडचण पुराव्याची आहे. पूर्वजाचे गाव ठाऊक नसेल तर सवलत कागदावरच राहील. म्हणून मोक्याच्या नोंदी रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावांशी जुळवून देण्याचे दायित्व महाराष्ट्र शासनाने स्वीकारले पाहिजे. दिल्लीने द्वार उघडले आहे. गावापर्यंतची वाट आपणच दाखवावयाची आहे.