पहिले भाड्याचे घर आणि कागदाची तयारी
वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि जिल्ह्याची मुख्य कार्यालये वाशिम शहरात आली. रिसोड, मानोरा वा मंगरुळपीरकडील खेड्यांतून पहिल्या नोकरीसाठी तेथे येणाऱ्या तरुणाची तयारी मात्र बहुधा गादी, शेगडी आणि अनामत रक्कम, म्हणजे घर सोडताना परत मिळावयाची ठेव, एवढ्यापाशीच थांबते आणि कागदाची तयारी राहून जाते, ही चिंतेची बाब आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते, आणि असा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा सर्वदूर रुजलेला समज महाराष्ट्रात चुकीचा ठरतो. प्रचलित करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ प्रकारचा असतो, म्हणजे मालक ठरावीक मुदतीपुरती वापराची केवळ परवानगी देतो, भाडेपट्ट्याप्रमाणे जागेत हक्क निर्माण करत नाही, आणि हा फरक सही करण्यापूर्वीच नवख्या माणसाला कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे. पाण्याची चौकशीही तितकीच निकडीची आहे, कारण शहराची तहान एकबुर्जी जलाशयावर अवलंबून असते. म्हणून नळ किती दिवसांआड येतो, टाकी सामाईक आहे की स्वतंत्र आणि विजेचे मीटर वेगळे आहे काय, हे अनामत देण्याआधीच विचारावे.