शोध माणसाचा की सावजाचा?

पहाटेच्या अंधारात धंतोलीच्या रस्त्यांवरून धावणारी मुले-मुली आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांतील काही प्रकृतीसाठी धावतात; पुष्कळशी पोटासाठी धावतात. राज्याच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर एखाद्या शेतमजुराच्या किंवा हमालाच्या घराचे पुढील तीस वर्षांचे अर्थकारण अवलंबून असते. धावणारा माणूस घराबाहेर पडतो तो जवळजवळ रिकाम्या हातांनी. पिशवी नाही, पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, अनेकदा फोनही नाही. ठरल्या वेळी तो परतला नाही, तर त्याच्यामागे उरते ती त्याची नेहमीची वाट आणि त्या वाटेवर त्याला पाहिलेली चार माणसे. म्हणून असा माणूस बेपत्ता होतो तेव्हा पहिला शोध वस्तीलाच घ्यावा लागतो. आणि पहिली अफवाही वस्तीतच जन्माला येते.

अशा वेळी माणसांच्या मनात दोन प्रवृत्ती एकदमच जाग्या होतात. एक म्हणते, ‘चला, शोधू या.’ दुसरी विचारते, ‘हे कोणी केले असेल?’ पहिलीमुळे समाज हा समाज ठरतो. दुसरीला वेळीच आवर घातला नाही, तर त्याच समाजाचा जमाव होतो. या दोहोंमधील अंतर आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ओळखावे, म्हणून आज हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. २०१८ सालच्या जुलै महिन्यात, पृथ्वीच्या दोन टोकांना घडलेल्या दोन घटना या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली घटना अमेरिकेतील. १८ जुलै २०१८ रोजी आयोवा राज्यातील ब्रुकलिन या लहानशा शेतकी गावात वीस वर्षांची एक विद्यार्थिनी संध्याकाळी नेहमीप्रमाणे धावायला गेली आणि परतली नाही. शेकडो लोक तिच्या शोधार्थ शेते, ओढे, ओसाड गोठे पालथे घालू लागले. त्याचबरोबर तर्कवितर्कांनाही ऊत आला. परिसरात डुकरे पाळणारा एक शेतकरी, केवळ त्याच्या पूर्वायुष्यातील काही नोंदींमुळे, वार्ताहरांच्या आणि लोकांच्या संशयाचा विषय झाला. त्याचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. तपासाला अखेर दिशा मिळाली ती एका घरावरील कॅमेऱ्याने टिपलेल्या मोटारीमुळे. २१ ऑगस्टला मक्याच्या शेतात त्या मुलीचा मृतदेह सापडला. ज्याला अटक झाली तो मेक्सिकोतून आलेला, अधिकृत कागदपत्रे नसलेला, दुग्धशाळेवरील मजूर होता; २०२१ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

गुन्हा एकाचा होता. परंतु मृतदेह सापडला त्याच रात्री देशाच्या अध्यक्षांनी एका जाहीर सभेत तिच्या मृत्यूचा उल्लेख स्थलांतरितांविरुद्धच्या प्रचारासाठी केला. या गदारोळात त्या मुलीच्या वडिलांनी वृत्तपत्रात लेख लिहून आवाहन केले की, आपल्या मुलीचे नाव वंशद्वेषाच्या कामी वापरू नका. तिच्या आईने याहून पुढचे पाऊल टाकले. ज्या दुग्धशाळेवर तो गुन्हेगार राबत होता, तेथेच काम करणारे एक स्थलांतरित कुटुंब भयाने गाव सोडून गेले, तेव्हा त्यांच्या शाळकरी मुलाला शिक्षण पुरे करता यावे म्हणून तिने त्याला स्वतःच्या घरात ठेवून घेतले. लोकांनी केलेला संशय एखादे वेळी खरा ठरला, तरी त्यामुळे एका माणसाचा गुन्हा त्याच्या जमातीचा होत नाही, हे त्या माऊलीने कृतीने दाखवून दिले.

अशा संशयाचा गैरफायदाही घेता येतो. २०१६ साली कॅलिफोर्नियात धावायला गेलेली एक महिला तीन आठवडे बेपत्ता होती. दोन स्पॅनिशभाषक स्त्रियांनी आपले अपहरण केले, असे तिने परतल्यावर सांगितले, आणि त्या काल्पनिक स्त्रियांचा शोध कित्येक वर्षे चालू राहिला. २०२२ साली तिने स्वतःच हा बनाव असल्याचे न्यायालयात कबूल केले. खोटे बोलतानाही तिने बोट दाखवले ते, ज्यांच्याविषयी काहीही सांगितले तरी लोक विश्वास ठेवतील, अशा माणसांकडे.

दुसरी घटना आपल्याच महाराष्ट्रातील, आणि तीही त्याच महिन्यातील. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी वस्तीत आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेली माणसे तेथे उतरली. त्यांतील कोणी एका लहान मुलीशी बोलले, एवढे निमित्त झाले. मुले पळवणारी टोळी आली, अशी आवई उठली. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने ठार मारले. त्या दिवशी तेथे कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते. बेपत्ता होती ती केवळ विवेकबुद्धी.

त्या वर्षी मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती देशभर फोनवरून फिरत होत्या, त्यांतील एकीची कथा विलक्षण आहे. हरवलेल्या मुलांविषयी लोकांना सावध करण्यासाठी कराचीतील एका संस्थेने तयार करवून घेतलेल्या लघुपटातला तो तुकडा होता. शेवटी मूल सुखरूप परत येते, हा भाग कोणी तरी कापून टाकला, आणि उरलेल्या तुकड्याने भारतात हाहाकार माजवला. माणसे शोधण्यासाठी निर्माण केलेले साधन माणसे मारण्यासाठी वापरले गेले.

राईनपाड्याविषयी बोलताना तेथील आदिवासींना रानटी म्हणून हात झटकणे शहरी पांढरपेशांना सोयीचे आहे. ती सोय आपण घेता कामा नये. मारणारे दरिद्री होते, मरणारे त्यांच्याहून दरिद्री होते, आणि दोघांनाही या राज्याच्या संरक्षणाचा अनुभव क्वचितच आलेला होता. शिवाय अनोळखी भटक्यावर संशय घ्यावा, हे या देशाला परकीय सत्तेने कायद्याने शिकवले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु त्या कायद्याची नजर मात्र गावकुसापासून सुशिक्षितांच्या वसाहतींपर्यंत अद्याप शाबूत आहे. वस्तीत कोणी हरवले की भंगारवाला, भिक्षेकरी, परप्रांतीय मजूर, तंबू ठोकून राहिलेले फिरस्ते यांच्याकडे प्रथम बोट जाते, ते याच नजरेमुळे.

अनुभव काय सांगतो? आमच्या नागपुरात २०११ आणि २०१४ साली शाळकरी मुलांच्या अपहरणाची आणि हत्येची दोन प्रकरणे घडली. सारे शहर हळहळले, हजारो लोक रस्त्यावर आले. त्यांत जे दोषी ठरले, त्यांत एक शेजारचा होता. दुसऱ्या प्रकरणातला प्रमुख गुन्हेगार त्या कुटुंबाच्या व्यवसायातला माजी नोकर होता. दाराशी आलेला अनोळखी माणूस यांपैकी कोणत्याही प्रकरणात नव्हता. तर्कवितर्क करणाऱ्यांची खरी चूक केवळ नैतिक नसते. ते चुकीच्या दिशेला पाहतात, तपासाचा वेळ वाया घालवतात, आणि तेवढ्या अवधीत खरा धागा हातून निसटतो.

मग लोकांनी विचारच करू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. माहिती आणि तर्क यांत भेद करावा, एवढेच म्हणणे आहे. ‘साडेपाच वाजता मी त्याला अमुक वळणावर पाहिले’ ही माहिती होय. ती तपास करणाऱ्यापर्यंत पोचवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. ‘त्या झोपड्यांतल्या लोकांचेच हे काम असणार’ हा तर्क होय; तो चौकात बोलणे हे पाप आहे.

परंतु लोकांना उपदेश करून थांबणे हे अर्धसत्य होईल. अफवेला जागा मिळते ती शासनाने मोकळी सोडलेल्या जागेत. संसदेत २०२३ साली देण्यात आलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १८ वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि त्याखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांची संख्या १,७८,४०० होती; म्हणजे दिवसाला सरासरी १६३. यांतील पुष्कळ जणी परत आल्या असतील, काही स्वेच्छेने गेल्या असतील, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच: यांतल्या कितींसाठी वस्ती बाहेर पडली? कितींची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली? धुणीभांडी करणारी बाई किंवा वीटभट्टीवरची मुलगी नाहीशी झाली, तर ‘गेली असेल कोणाबरोबर’ या एका वाक्यात तिचा तपास संपतो. प्रतिष्ठित घरातील माणसाविषयी अफवांचा पूर येतो. गरिबाच्या वाट्याला अफवासुद्धा येत नाही, येते ती फक्त बदनामी. शोधाची तीव्रताही वर्गानुसार ठरावी, ही या समाजव्यवस्थेची कमाल आहे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरून तपास करावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय दिला. तो खटलाही एका बेपत्ता मुलीच्या बापाने, पोलीस दाद देत नाहीत म्हणून, उभा केला होता. परंतु प्रौढ माणूस हरवला तर सामान्यतः केवळ बेपत्ता म्हणून नोंद होते, आणि ती नोंद कागदावर पडून राहते. जमावाने केलेल्या हत्यांबाबत न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. आपल्या जिल्ह्यात हा अधिकारी कोण, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे?

बेपत्ता माणसाच्या घराची आर्थिक फरफट हा तर कोणी बोलतच नाही असा विषय आहे. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा लागला नाही, त्याला मृत मानण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात आहे. पगारदाराचे घर ती सात वर्षे कशीबशी काढते. रोजंदारीवर जगणाऱ्याचे घर सात दिवसांत मोडते. कर्ता गेला, आणि तो गेला असे म्हणण्याचा अधिकारही घराला नाही, अशी ही अवस्था आहे. त्या घराला पहिल्या महिन्यापासून आधार देणारी योजना मागणे, ही भिक्षा नव्हे; तो हक्क आहे.

लोकांनी मिळून केलेला शोध कसा असावा, याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे. मे २०२२ मध्ये लोणावळ्याच्या नागफणी परिसरात दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता जंगलात वाट चुकला. वाट सापडत नाही, एवढे त्याने फोनवर कळवले आणि संपर्क तुटला. ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे स्वयंसेवक, पोलीस आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चार दिवस दऱ्या धुंडाळत होते. तो जिवंत सापडला नाही, हे दुर्दैव. परंतु दोर, कंदील, नकाशा घेऊन, डोंगराचे ज्ञान असलेली, मोबदला न घेणारी ही माणसे दरीत उतरतात, तेव्हा ती कोणावर संशय घेत नाहीत. माणूस कोठे असेल एवढाच प्रश्न विचारतात. लोणावळ्याचे प्रकरण अपघाताचे होते. रात्रंदिवस कटकारस्थाने शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, हरवलेला माणूस पुष्कळदा पाय घसरून, चक्कर येऊन वा वाहनाची धडक बसून कोठे तरी पडलेला असतो, आणि तेव्हा त्याला हवी असते ती पाण्याची बाटली आणि दवाखाना.

म्हणून साथींना आमचे सांगणे आहे. आपल्या वस्तीत असा प्रसंग आला तर सर्वप्रथम त्या घरी जा आणि तक्रार नोंदवायला घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात उभे राहा. गरिबाबरोबर चार माणसे असली की नोंदवहीचे पान लवकर उघडते. शोधासाठी टोळ्या करा, प्रत्येकीला रस्ता वाटून द्या, पाहिलेल्या जागेची नोंद ठेवा. शासकीय रुग्णालयांत अनोळखी म्हणून दाखल झालेल्यांची चौकशी पहिल्याच दिवशी करा. आलेली माहिती एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्या आणि तिच्याकडून पोलिसांकडे. ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याचे नाव, जात, धर्म, प्रांत यांचा उच्चार कोणी करू लागला, तर त्याला तेथल्या तेथे अडवा. फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणाच्या जिवावर बेतेल, याचा विचार करा. आणि त्या रात्री आपल्यातील दोघांनी वस्तीच्या कडेला राहणाऱ्या भटक्यांच्या पालापाशी, परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांपाशी बसून राहावे. शोधाइतकेच ते कामही महत्त्वाचे आहे.

हिवाळी अधिवेशनाच्या काळात धंतोलीतील यशवंत स्टेडियमवरून विधानभवनाकडे मोर्चे निघतात. वेतनाचे, जमिनीचे, आरक्षणाचे प्रश्न त्यांतून मांडले जातात, आणि ते मांडलेच पाहिजेत. हरवलेल्यांच्या घरच्यांचा मोर्चा मात्र आमच्या पाहण्यात नाही. कारण त्यांना संघटना नाही, प्रत्येक घर आपल्या दुःखात एकटे आहे. या घरांना एकत्र आणून, प्रौढ बेपत्तांच्या तपासाला मुदत, अनोळखी मृतदेहांची उघड नोंद आणि कुटुंबाला तात्काळ निर्वाह, या तीन मागण्या घेऊन उभे करणे हे काम आपल्या पक्षाने अंगावर घ्यावे. पहाटे पोटासाठी धावणाऱ्या मुलीचा शोध आणि भिक्षेसाठी पायपीट करणाऱ्या गोसाव्याचा जीव, ही दोन्ही जबाबदाऱ्या एकच आहेत, हे ज्या दिवशी वस्तीला पटेल, त्या दिवशी अफवेला तिथे थारा उरणार नाही.