दोन आठवड्यांची चित्रकला

पोस्ट मोठी झाली आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचल्याशिवाय खाली भांडायला येऊ नका.

गेले चार-पाच दिवस आपल्या खोऱ्यातल्या ग्रुपवर एक आवाहन फिरतंय. आपल्याच भागातली एक लेक, आता पुण्यात चांगल्या नोकरीला, नेपाळमधल्या एका अनाथालयात दोन आठवडे मुलांना चित्रकला आणि ओरिगामी शिकवायला जाणार आहे. विमानाचं भाडं, राहण्याचा खर्च आणि मधल्या एजन्सीची फी यासाठी तिने सगळ्यांकडे वर्गणी मागितली आहे. मलाही निरोप आला, "सर, तुम्ही चित्रकलेचे, तुम्ही तर पहिले द्याल." मी दिली नाही. दोघा-तिघांनी फोन करून का म्हणून विचारलं, त्यामुळे कारण सगळ्यांसमोरच सांगतो.

पोरीच्या मनाबद्दल मला काडीची शंका नाही. कोयनेतून बाहेर पडलेलं पोर दुसऱ्याच्या मुलांचा विचार करतंय, याचा आनंदच आहे. माझं भांडण ती ज्या व्यवस्थेत पैसे भरतेय तिच्याशी आहे.

नेपाळमधली बहुतेक अनाथालयं कुठे आहेत माहीत आहे का? काठमांडूच्या खोऱ्यात, पोखऱ्यात, चितवनला. म्हणजे जिथे पर्यटक उतरतो तिथे. हुमलासारख्या डोंगरी जिल्ह्यांत, जिथे दारिद्र्य जास्त, तिथे नाहीत. उलट तिथली मुलं खाली शहरात आणली गेली. यादवीच्या वर्षांत दलाल गावात जायचे, आईबापांना सांगायचे की पोराला चांगल्या शाळेत घालतो, वर त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, आणि पोराला 'अनाथ' म्हणून पाहुण्यांपुढे उभं करायचे. कंबोडियात युनिसेफने पाहिलं तेव्हा अनाथालयांतल्या दर चार मुलांमागे साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात निघाले. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचाही विचार त्यात झाला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा स्वयंसेवेच्या सहलींबद्दल सगळ्या देशांना सावध केलं. सगळी अनाथालयं असली असतात असं मी म्हणत नाही. पण पाहुणा पैसे घेऊन मुलं बघायला येतो म्हटल्यावर त्याला दाखवायला मुलं जमवणारा कोणीतरी उभा राहतोच. पर्यटनावर पोट असलेल्या गावातल्या माणसांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

आता म्हणाल, सर, ते नेपाळ झालं, चित्रकलेने काय घोडं मारलंय? मुलांच्या हातात रंग आले तर वाईट काय?

यासाठी नेपाळला जायची गरज नाही. जुलै २०२१ आठवा. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. दरडी आल्या, माणसं गेली, आणि वाचलेली कित्येक कुटुंबं इथे कोयनानगरला आणून ठेवली होती. तेव्हा कुठून कुठून माणसं धावून आली, तांदूळ, चादरी, भांडी घेऊन. त्यांचे उपकार आहेतच. त्यातच एक गट मुलांसाठी कागद आणि तेलखडू घेऊन आला होता. विषय काय दिला? 'माझं घर'. ज्यांचं घर आठ दिवसांपूर्वी मातीखाली गेलंय त्यांना! मी मागे उभा राहून बघत होतो. मुलांनी मुकाट्याने चित्रं काढली. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड. मिरगावात नारळ कुठला आलाय? पण पाहुण्यांना काय आवडतं हे मुलांना बरोबर कळतं. पाहुणे म्हणाले, बघा, एवढं होऊनही मुलं किती पॉझिटिव्ह आहेत. चित्रं हातात धरून फोटो झाले, आणि चित्रं गाडीत टाकून नेली. ती कुठे आहेत देव जाणे.

चित्रकला फार लवकर खरं बोलायला लावते असा एक गोड गैरसमज आहे. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर इथून तासा-दीड तासावरच्या एका बालगृहात दर शनिवारी जातो, सातवं वर्ष चालू आहे. पहिले सहा महिने तिथेही तेच दोन डोंगर आणि तोच नारळ. पाहुण्यांसाठीचं चित्र. मग हळूहळू पोरांना समजलं की हा म्हातारा पुढच्या शनिवारीही येणार आहे, चित्र घेऊन जात नाही आणि टाळ्याही वाजवत नाही. त्यानंतर एकाने भाकरी थापणाऱ्या मावशींचे हात काढले. नुसते हात. एकाने छतावरची पाण्याची टाकी काढली, कारण तिच्या मागे जाऊन तो रडतो. हे त्याने मला दीड वर्षाने सांगितलं, तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना. दोन आठवड्यांत ते टाकीचं चित्र निघालं नसतं, आणि निघालं असतं तर ते ऐकून परतीच्या विमानात बसणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं होतं?

हे लक्षात घ्या. अनाथालयात गेल्या गेल्या एखादं पोर येऊन तुमच्या कमरेला मिठी मारतं, आणि आपण म्हणतो, किती लळा लागला एका तासात. घरात वाढलेलं चार वर्षांचं पोर अनोळखी माणसाला असं बिलगतं का? ते आईमागे लपतं. जे पोर कोणालाही बिलगतं, त्याच्याकडे कायमचं माणूस नसतं. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा, नवे रंग, आणि 'परत येईन हं' असं म्हणून जाणं. त्या पोराच्या बाजूने बघितलं तर ही दर पंधरवड्याची ताटातूट आहे.

आपल्याच भागातलं एक जुनं उदाहरण देतो. तुमच्यातले कित्येकजण लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळ गांधीनगरला जातात. फाळणीनंतर तिथे सिंधी मंडळी वसली, हे माहीत असेल. त्याआधी तिथे वळिवड्याची छावणी होती. १९४३ ते १९४८. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात हाकललेली पोलंडची माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथे आली. सुमारे पाच हजार. त्यात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी वेगळं अनाथालय होतं. १९४६ मध्ये जामनगरजवळची बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथलीही मुलं इकडे आली. २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूर स्मारकाचे फोटो सगळ्यांनी शेअर केले होते, ते याचंच.

त्या छावणीत नाटकं होत, गाणी होत, स्काउट होतं, शाळा होत्या. करून घेणारे कोण? छावणीतलेच पोलिश शिक्षक आणि बाया, ज्या मुलांच्या शेजारच्याच बराकीत राहत होत्या, तेच पाणी भरत होत्या, तीच भाषा बोलत होत्या. आपल्या लोकांनी परक्या मुलांना जागा दिली, बाजार दिला, शेजार दिला. मुलांची कला मुलांच्या माणसांकडे राहिली. मला हा हिशोब पटतो.

पोलंडचंच आणखी एक. वॉर्साच्या ज्यू वस्तीत डॉ. यानुश कोर्चाक अनाथालय चालवायचे. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघणाऱ्या आजारी मुलाचं नाटक. तीन आठवड्यांच्या आत नाझींनी त्या सगळ्या मुलांना, दोनशेच्या आसपास, ट्रेब्लिंकाला नेऊन मारलं. कोर्चाकना स्वतःचा जीव वाचवायची संधी होती, ते मुलांबरोबर गेले. ते अनाथालय ते १९१२ पासून सांभाळत होते. मरणाबद्दलचं नाटक मुलांपुढे ठेवायचा अधिकार त्या माणसाला होता, कारण तीस वर्षं तो तिथेच होता. आपण कोणी कोर्चाक नाही, पण निदान तेलखडूचा डबा म्हणजे तो अधिकार नव्हे एवढं तरी कळायला हवं.

फोटोंबद्दल थोडक्यात. बालगृहातलं मूल कायद्याच्या भाषेत 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल' आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख पटेल असं नाव, फोटो छापणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जाणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनीही हे वाचावं. लाईक मिळाले की कायदा लागू होत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

एक मुद्दा मात्र मान्य. एका दिवसाच्या पाहुण्यानेही मुलं हसतात, खरं हसतात. कठपुतळीवाला आला, जादूगार आला, मुलांनी बघितलं, मजा आली, संपलं. त्यात काही वाईट नाही, कारण तो 'मी तुझा' असं म्हणत नाही. कुंभार येऊन दिवसभर चाक फिरवून गेला तर मी स्वतः गाडीखर्च देईन. आणि कला-उपचाराचं रीतसर शिक्षण घेऊन वर्षानुवर्षं हे काम करणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही.

मग करायचं काय? बालगृहातली पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवा. दहावीला इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. आईबापाविना अकरावीला प्रवेश घ्यायला निघालेल्या पोराला ७ गुण म्हणजे काय ते त्यालाच विचारा. आणि यात एक मेख आहे जी बाहेरून कळत नाही. परीक्षेत स्मरणचित्र असतं. जत्रा काढा, भाजी मंडई काढा, एसटी स्टँड काढा. वर्षानुवर्षं फाटकाच्या आत वाढलेल्या पोराने आठवायचं काय? आमची पोरं स्थिरचित्रात, अक्षरलेखनात चांगली, आणि स्मरणचित्रात अडायची. माणसं काढली तर सगळी एका रांगेत उभी, ताटं घेऊन. तेव्हापासून आम्ही अधीक्षकांची परवानगी काढून महिन्यातून एकदा पोरांना आठवडी बाजारात नेतो. नुसतं हिंडायचं. कोंबड्यांच्या खुराड्यापुढे अर्धा तास उभं राहायचं असेल तर राहायचं. मागे औंधला भवानी संग्रहालयात नेलं होतं. रवि वर्म्यांच्या चित्रांपुढे पोरं फारशी थांबली नाहीत, हेन्री मूरच्या दगडी आई-मुलापुढे मात्र दोघी बराच वेळ थांबल्या. काय वाटलं ते मी विचारलं नाही.

त्या लेकीला माझा हाच निरोप आहे. पुण्यात बालगृहं आहेत. एक धर, वर्षभर शनिवार दे. नेपाळला जायचंच तर हिमालय बघायला जा, स्वतःच्या पैशाने, मस्त फिरून ये. आणि अनाथालयात जायचंच ठरवलं असेल तर आधी त्यांना विचार, यातली किती मुलं खरोखर अनाथ आहेत, त्यांना घरी परत पाठवायचे काही प्रयत्न होतात का, आणि माझी पोलीस पडताळणी तुम्ही मागितली का नाही. उत्तरं आली की मला फोन कर. उत्तरं पटली तर वर्गणी देतो, शब्द आहे.

बाकीच्यांसाठी. आमच्या शनिवारच्या कामाला आम्ही तिघं होतो, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. दोन माणसं हवीत. चित्र काढता आलंच पाहिजे असं नाही. संस्थेचं नाव इथे विचारू नका, पडताळणीचे कागद पूर्ण झाले की सांगतो. पहिले दोन महिने फक्त पेन्सिली तासायच्या, ब्रश धुवायचे आणि पोरांची नावं पाठ करायची. फोन खिशात. पाटणपर्यंत एसटीने या, पुढे माझी गाडी आहे, दुपारी एकला निघते.